गावाहून आलेली पिशवी आणि चौदा आकडी नंबर: आरोग्याच्या नोंदी डिजिटल झाल्या तर फायदा नक्की कोणाचा?

परळचा_भाचा (धागाकर्ता)

आमचं घर परळ गावात. के.ई.एम. आणि टाटा दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर. त्यामुळे चिपळूण ते सांगोला, ज्याला कोणाला 'मुंबईला मोठ्या डॉक्टरला दाखवायचं' असतं तो आधी आमच्याकडे चहाला उतरतो आणि मी आपोआप त्याचा भाचा होतो.

पाहुण्याच्या हातात एक पिशवी असतेच, बहुधा कुठल्यातरी वस्त्रभांडाराची. आत तालुक्याच्या डॉक्टरची चिठ्ठी, तीन वेगवेगळ्या लॅबचे रिपोर्ट, घडी घालून चिरा पडलेली सोनोग्राफीची फिल्म, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या आणि मेडिकलवाल्याची बिलं. बिलं का, तर चिठ्ठीवरचं औषधाचं नाव कोणाला वाचता येत नाही, बिलावरचं येतं. ही युक्ती मला एका मामींनी शिकवली. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, बिलं फेकू नका.

मागच्या पावसाळ्यात एका नातेवाईकांचा सीटी स्कॅन गावाकडे झाला होता. फिल्म होती, रिपोर्ट घरी राहिला. इथल्या रुग्णालयात 'पुन्हा काढा' म्हणाले. पैसे गेले, तारीख मिळेपर्यंत दिवस गेले. आणि निकाल? तोच.

म्हणून हा धागा. डिजिटल हेल्थ रेकॉर्ड म्हटलं की अमेरिका, झकपक हॉस्पिटलं वगैरे डोळ्यांसमोर येतं. मला उलटं वाटतं. जिथे माणूस वर्षानुवर्षं एकाच डॉक्टरकडे जातो तिथे डॉक्टरलाच सगळं ठाऊक असतं. आपल्याकडे माणूस उपकेंद्रातून ग्रामीण रुग्णालयात, तिथून खाजगीत, पैसे संपले की सरकारीत, मग मुंबईत. आजाराचा सगळा इतिहास एकटा पेशंट वाहतो, आणि या सगळ्यांत जास्त थकलेला तोच असतो. म्हणजे गरज गरीब देशाला जास्त.

आपल्याकडे आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ पासून देशभर लागू आहे. 'आभा' नावाचा, आरोग्य खात्याचा चौदा आकडी नंबर मिळतो. पण माझ्या पाहण्यात त्याचा उपयोग ओपीडीच्या खिडकीवर क्यूआर कोड स्कॅन करून केसपेपर लवकर मिळवण्यापुरताच होतोय. रांग वाचते, चांगलंच आहे. पिशवी मात्र आहे तिथेच आहे.

रुग्णालयात काम करणारे, करून घेणारे, वैतागलेले, सगळ्यांनी लिहा.

अंधेरी_स्लो

+१. २६ जुलै २००५ ला कुर्ल्यात आमच्या तळमजल्यावर छातीभर पाणी होतं. सासऱ्यांच्या बायपासची अख्खी फाईल गेली. नंतर प्रत्येक डॉक्टर विचारायचे, 'किती ग्राफ्ट (जोडलेल्या नव्या रक्तवाहिन्या) घातले होते?' आम्ही एकमेकांकडे बघायचो.

नाईट_ड्युटी

रेसिडेंट डॉक्टर आहे, कुठे ते सांगत नाही.

भाच्याच्या पिशवीत एक वस्तू राहिली: लॅमिनेट केलेला ईसीजी. लोक किती प्रेमाने करतात! ईसीजीचा कागद थर्मल असतो, उष्णतेने काळा पडतो. लॅमिनेशनच्या मशीनमधून गेला की हातात काळी पाटी. नाही केला तरी काही वर्षांत रेघा फिक्या होत जातात.

याने काय बिघडतं? रात्री दोन वाजता छातीत दुखतंय म्हणून साठीचे काका येतात. ईसीजीमध्ये एलबीबीबी दिसतो, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूची विजेची वाट अडलेली. हा ब्लॉक आज झालाय की दहा वर्षांपासून आहे? नवा असेल तर हार्ट अटॅक समजून पळापळ. जुना असेल तर विचार वेगळा. उत्तर जुन्या ईसीजीत असतं. तो समोर स्क्रीनवर आला तर अर्ध्या मिनिटाचं काम.

तसंच क्रिएटिनिनचं, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचं. कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून द्यायचं औषध) देऊन सीटी करायचा तर किडनी कशी आहे ते कळायला हवं. पंधरा दिवसांपूर्वीचा रिपोर्ट घरी फ्रिजवर ठेवलेला असतो. मग पुन्हा रक्त, पुन्हा थांबा.

आता दुसरी बाजू. आमच्याकडे सिस्टीम आहे. तरी ओपीडीत आधी कागदावर लिहायचं, कारण पेशंटला कागद द्यावा लागतो आणि मेडिको-लीगल, म्हणजे पोलीस-कोर्टाचं झालं तर कागदच मागतात. मग तेच टाईप करायचं. दोन युनिटमध्ये एक कॉम्प्युटर, त्याच्या कीबोर्डचं 'एन' बटण रुतलेलं. सोमवारच्या ओपीडीत बाहेर दीडशे माणसं. अशा वेळी 'प्रोव्हिजनल डायग्नोसिस' (प्राथमिक निदान) च्या चौकटीत काय भरलं जातं? 'अदर'. नाव नोंद, किंमत शून्य. फायदे मला पाठ आहेत. टाईप कोण करणार ते सांगा.

कोड_आणि_कांदेपोहे

नाईट_ड्युटी यांचा प्रश्न बरोबर आहे आणि तो आपल्या आधी काही गरीब देशांनी बऱ्यापैकी सोडवलाय. मी काही वर्षं ओपन सोर्स हेल्थ सॉफ्टवेअरमध्ये काम केलं, म्हणून थोडं सविस्तर.

केनियातल्या एल्डोरेटजवळ मोसोरिओट नावाचं ग्रामीण आरोग्य केंद्र आहे. २००१ साली तिथे एक साधी नोंद प्रणाली सुरू झाली. मोई विद्यापीठ आणि अमेरिकेतलं इंडियाना विद्यापीठ यांचं काम. पुढे एचआयव्हीचे रुग्ण वाढत गेले, साधा डेटाबेस पुरेना, आणि २००४ च्या सुमाराला त्या मंडळींच्या पुढाकारातून ओपनएमआरएस हे रुग्णनोंदींचं सॉफ्टवेअर तयार झालं. फुकट, कोणीही बदलून घ्यावं असं. आज ते बऱ्याच देशांत चालतं. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारीला जन स्वास्थ्य सहयोगचं रुग्णालय आहे, तिथे याच पायावर 'बाह्मनी' हे रुग्णालयाचं सॉफ्टवेअर उभं राहिलं. म्हणजे हे सगळं झकपक हॉस्पिटलातून खाली झिरपलेलं नाही, खालूनच वर आलंय.

टायपिंगबद्दल मला आवडतं ते मलावीचं. तिथे बाओबाब हेल्थ नावाच्या संस्थेने टचस्क्रीन आणली. एका स्क्रीनवर एकच प्रश्न, बोट लावायचं, पुढे. वीज जाणारच हे धरून मशीन कमी विजेवर आणि बॅटरीवर चालणारी. आणि कागदाशी भांडण नाही! मलावीत पेशंट स्वतःची आरोग्य वही जवळ बाळगतो. तपासणी झाली की छोट्या प्रिंटरमधून स्टिकर येतो: आजचं वजन, औषध, पुढची तारीख. तो वहीत चिकटवायचा. पेशंटला कागद मिळाला, नोंदही झाली, लिहिणं एकदाच.

आपल्याकडे डॉक्टरला टायपिस्ट केलं, तिथे गाडी अडली.

मोसोरिओटच्या निष्कर्षांवर २००३ मध्ये पेपर आला होता. रुग्णाचा केंद्रात जाणारा एकूण वेळ २२ टक्क्यांनी कमी झाला.

संशयात्मा

» एकूण वेळ २२ टक्क्यांनी कमी झाला

पेपर मीही वाचलाय. त्यातच पुढे आहे की तपासणाऱ्याने रुग्णासोबत घालवलेला वेळ ५८ टक्क्यांनी घटला. तो आकडा का गाळलात? आपल्या ओपीडीत आधीच दीड मिनिट मिळतं. त्यात अजून कपात करायची?

कोड_आणि_कांदेपोहे

गाळला नाही, लिहायच्या ओघात पुढे गेलो. आकडा बरोबर आहे. त्या वेळेतला बराचसा भाग रजिस्टरं भरण्यात जायचा, असं मी समजतो. वाचलेला वेळ बोलण्यात गेला की पुढच्या पेशंटला हाक मारण्यात, हे सॉफ्टवेअर ठरवत नाही. रांग किती आहे त्यावर ठरतं.

संशयात्मा

चला, एवढं मान्य झालं हेही नसे थोडके.

दुपारचा_डबा

दोघांनी एकदा भेटून घ्या. मिसळ माझ्याकडून.

शिवडी_कोळीवाडा

मी टीबीच्या कार्यक्रमात फील्डवर आहे. कॉम्प्युटर वगैरे फार कळत नाही, जे बघते ते लिहिते.

टीबीमध्ये 'निक्षय' ही सरकारची ऑनलाईन नोंद प्रणाली २०१२ पासून आहे. पेशंट सापडला की त्याचा निक्षय आयडी. आता आमच्या एरियातला माणूस म्हणजे आज इथे, मे महिन्यात गावी, दिवाळीनंतर भिवंडीत. पूर्वी गावी गेला की आमच्याकडे रजिस्टरात लाल शेरा आणि विषय संपला. गावच्या लोकांना तो आलाय हे माहीतच नसायचं. आता इथून ट्रान्सफर टाकते, जौनपूरच्या सेंटरला दिसतं, तिथला माणूस फोन करतो. दर वेळी करतोच असं नाही. पण करतो.

सगळ्यात मोठा उपयोग जुन्या औषधांच्या नोंदीचा. मुंबईत औषधांना दाद न देणारा टीबी खूप. नवीन पेशंटला विचारते, आधी कधी औषध घेतलं होतं का? म्हणतो, 'हो ताई, लघवी लाल व्हायची ती गोळी.' म्हणजे रिफाम्पिसिन. पण किती महिने? मध्ये सोडली का? सोबत दुसरं काय होतं? आठवत नाही. यावर पुढचा सगळा कोर्स ठरतो हो! आयडी असला की उघडून बघता येतं. खाजगी डॉक्टरनीही टीबीचा पेशंट कळवायचा असा नियम २०१२ पासूनच आहे, त्यामुळे तिकडचंही बरंच दिसतं.

आणि लोक आयडी सांभाळतात का? सांभाळतात. कारण पोषण आहाराचे पैसे त्यावरच खात्यात येतात. आधी महिन्याला ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १०००. पैसे अडकले की पेशंट स्वतः नंबर घेऊन दारात येतो. आभा कार्डाच्या मागे असं काही नाही, म्हणून ते कपाटात पडून राहतं. हे माझं मत.

परळचा_भाचा

शिवडी_कोळीवाडा, प्रतिसाद वाचून धागा काढल्याचं सार्थक झालं. 'लघवी लाल व्हायची ती गोळी' हा आपल्या देशातला सगळ्यात जास्त वापरला जाणारा मेडिकल रेकॉर्ड असावा.

तुमचा मुद्दा मला पटतो. सगळ्या आजारांचं, सगळ्या भारताचं एकदम करायला गेलो की ओपीडीत 'अदर' भरलं जातं. एक आजार, लांब चालणारी औषधं, ठरलेले चार प्रश्न आणि नोंद केल्याने पेशंटचाही काहीतरी फायदा, असं असेल तर ते टिकतं. केनियात एचआयव्ही, इथे टीबी. पुढे शुगर आणि बीपी धरायला हवं. आपल्या घरोघरी तेच आहे.

गिरगावचा_वैद्य

नमस्कार. चाळीसेक वर्षे जनरल प्रॅक्टिस करतो आहे. (वैद्य हे नुसते नाव, मी ॲलोपॅथीचाच.)

चर्चा रुग्णालयांभोवती फिरते आहे. सर्दी-खोकल्यापासून मधुमेहापर्यंत बहुतेक मुंबईकर आधी गल्लीतल्या खाजगी दवाखान्यात जातो. तिथली नोंद म्हणजे लाकडी खोक्यातली कार्डे. माझ्याकडे तीन पिढ्यांची आहेत. कोणाला पेनिसिलिनची ॲलर्जी, कोणाच्या घरात मधुमेह, ते कार्डावर तांबड्या शाईत लिहिलेले. आमच्या शेजारच्या इमारतीतले डॉक्टर गेले तेव्हा त्यांच्या मुलाने कार्डे रद्दीत घातली. त्याचा दोष नाही, तो बँकेत आहे, त्याने काय करावे? पण त्या दिवशी आमच्या वाडीतल्या कितीतरी घरांचा इतिहास किलोच्या भावाने गेला.

लहान दवाखान्यांना जोडण्यासाठी केंद्राने 'मायक्रोसाइट' योजना काढली, तिचे सुरुवातीचे प्रयोग ज्या शहरांत झाले त्यांत मुंबई होती. माझ्याकडेही एक मुलगा आला. चुणचुणीत होता. त्याने टॅबलेट दाखवला, मी विचारले, एका रुग्णामागे किती वेळ जाईल? म्हणाला, सवय झाली की दोन मिनिटे. संध्याकाळच्या गर्दीत ती दोन मिनिटे कुठून आणायची? शेवटी मी मधला मार्ग काढला. फक्त मधुमेह आणि रक्तदाबाचे रुग्ण त्यात घातले. दर तीन महिन्यांची साखर एका रेषेत दिसते, औषध वाढवावे की नाही ते चटकन कळते. रुग्णाला तो आलेख दाखवला की तो पथ्य पाळतो. माझ्या बोलण्याने जे होत नव्हते ते त्या वाकड्या रेषेने होते, याचा थोडा हेवाही वाटतो.

नाईट_ड्युटी

सर, ॲलर्जीचा मुद्दा लाखमोलाचा. बेशुद्ध पेशंटला ॲलर्जी विचारता येत नाही.

संशयात्मा

सगळं गोड चाललंय, आता मीठ घालतो.

एक. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. सुमारे दोन आठवडे देशातलं अव्वल रुग्णालय हाताने चिठ्ठ्या लिहीत होतं. जिथे एम्सची ही गत, तिथे तालुक्याच्या नर्सिंग होमच्या सर्व्हरचं काय बोलावं?

दोन. आरोग्याच्या माहितीसाठी वेगळा कायदा यायचा होता. २०१८ साली 'दिशा' नावाचा मसुदा आला, तो कायदा झालाच नाही. २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा झाला, पण त्यात आजाराच्या माहितीला वेगळं, जास्त संवेदनशील असं स्थान नाही. माझा कॅन्सरचा रिपोर्ट आणि माझा पिझ्झाचा पत्ता एकाच तराजूत.

तीन. तुम्ही सगळे पेशंटचा फायदा म्हणताय. कंत्राटं कोणाच्या फायद्याची निघतात? राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतली संगणक प्रणाली २०२२ मध्ये कंत्राटाच्या वादात बंद झाली आणि लोक पुन्हा कागदावर आले. जुन्या नोंदी कोणाच्या? पेशंटच्या, रुग्णालयाच्या की कंपनीच्या?

आणि गंमत म्हणजे हक्क आधीपासून आहे. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की भरती रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं जपा, मागितल्यावर ७२ तासांत द्या, आणि हो, त्या संगणकावर आणायचा प्रयत्न करा. कागदाचा हक्क पाळायला वीस वर्षं पुरली नाहीत, आता ॲप आणलंय.

कोड_आणि_कांदेपोहे

एक नंबरला उत्तर नाही. बॅकअप वेगळ्या ठिकाणी ठेवणं आणि महिन्यातून एकदा तो खरंच उघडतोय का बघणं, हे कंटाळवाणं काम कोणी करत नाही. करायला हवं.

पण एक गैरसमज दूर करतो. आभामध्ये सगळ्या देशाचे रिपोर्ट एका दिल्लीतल्या कपाटात जमा होत नाहीत. रिपोर्ट ज्या लॅबने किंवा रुग्णालयाने केला तिथेच राहतो. दुसऱ्या डॉक्टरला हवा असेल तर तुमच्या मोबाईलवर विनंती येते: कोणाला, कुठली माहिती, किती मुदतीसाठी. तुम्ही हो म्हणालात तर जाते, नंतर परवानगी काढूनही घेता येते. कागदावर रचना चांगली आहे. खिडकीवरचा माणूस 'ओटीपी सांगा, ओटीपी सांगा' करत घाई करतो तिथे ती परवानगी किती खरी उरते, हा तुमचा प्रश्न असेल तर मी तुमच्या बाजूने.

तीन नंबर सगळ्यात महत्त्वाचा. म्हणूनच ठरलेल्या मानकांचा आग्रह धरायचा. आपल्याकडे 'फायर' नावाचं मानक निवडलंय. नोंद त्या साच्यात असेल तर कंपनी बदलली तरी दुसऱ्या सॉफ्टवेअरला ती वाचता येते. कंत्राटात 'जाताना सगळा डेटा या साच्यात देऊन जाणे' एवढी एक ओळ घाला, अर्धी भांडणं संपतात. ती ओळ घालायला कोणी सांगत नाही, कारण कंत्राट लिहिणाऱ्याला ती माहीत नसते आणि घेणाऱ्याला ती नको असते.

गोवंडीची_ताई

मी सीएचव्ही, म्हणजे आरोग्य स्वयंसेविका आहे, घरोघर जाते. वरचं सगळं वाचलं, थोडं डोक्यावरून गेलं.

आमच्या वस्तीत गरोदर बाई सातव्या महिन्यात माहेरी जाते. माता-बाल कार्ड नवऱ्याकडे राहतं, नाहीतर उंदीर खातात. तिकडे विचारतात, धनुर्वाताची इंजेक्शनं झाली का, हिमोग्लोबिन किती होतं. तिला 'रक्त कमी सांगितलं होतं' एवढंच माहीत. रक्त सातवर होतं की दहावर, त्यात तिच्या जिवाचा फरक आहे. हे मोबाईलवर दिसलं पाहिजे, बास.

पण आमचं पण ऐका. रजिस्टर भरतो, मग ॲप भरतो, मग मॅडमना व्हॉट्सॲपवर त्याच रजिस्टरचा फोटो पाठवतो. ॲप आलं तेव्हा म्हणाले, रजिस्टर जाणार. रजिस्टर काय गेलं नाही.

आणि एक विचारायचं होतं. माझ्या वस्तीत बायकांकडे स्वतःचा फोन नसतो. फोन नवऱ्याचा. मग परवानगीचा मेसेज नवऱ्याला जाणार. काही गोष्टी बायका आम्हाला सांगतात, घरी सांगत नाहीत. त्याचं काय?

कोड_आणि_कांदेपोहे

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आमच्या ऑफिसातल्या मीटिंगमध्ये कोणी विचारला असता तर बरं झालं असतं.

आत्ताच्या सोयीत एवढंच होतं: एका मोबाईल नंबराला घरातल्या एकापेक्षा जास्त जणांची आभा खाती जोडता येतात, पण मेसेज त्या फोनवरच येतो. त्यामुळे गर्भपात, एचआयव्ही, घरातली मारहाण अशा नोंदी आपोआप जोडू नयेत. बाईला एकटीला विचारूनच जोडाव्यात. आभा ऐच्छिक आहे. नको म्हटलं म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, हे खिडकीवर ठणकावून सांगा. एखाद्याच भेटीचा रिपोर्ट जोडायचा नसेल तर तेही सांगता येतं.

संशयात्मा

इथे मात्र आमचं एकमत. ताईंनी पहिल्याच वाक्यात 'डोक्यावरून गेलं' म्हणून सगळ्यांना गंडवलंय.

अंधेरी_स्लो

मला साधं सांगा. आई ७४ वर्षांची, तिचा आधार माझ्या जुन्या नंबराशी जोडलेला, तो बंद झाला. आभा कसं काढू? आणि तोवर काय करू?

परळचा_भाचा

आधी आधार केंद्रावर आईला नेऊन मोबाईल नंबर बदलून घे, ओटीपी त्यावरच येतो. मग आभा घरबसल्या निघतं. सरकारी रुग्णालयात मदत कक्ष असला तर तिथेही काढून देतात.

तोवर प्रत्येक कागदाचा उजेडात, सपाट ठेवून फोटो काढ. ईसीजीचा तर आजच. फाईलचं नाव तारखेने सुरू कर, वर्ष आधी, म्हणजे आपोआप ओळीने लागतात. पहिल्या पानावर हाताने लिही: चालू औषधं, ॲलर्जी, झालेली ऑपरेशनं, रक्तगट. त्याचाही फोटो. तो भावाला आणि बायकोला पाठवून ठेव, कारण ऐन वेळी तुझा फोन चार्जिंगला लावलेला असणार.

आणि मेडिकलची बिलं फेकू नकोस.

नाईट_ड्युटी

लॅमिनेशनही करू नका. ड्युटीला चाललो.